गाळ्यातलं जुनं वेल्डिंग मशीन की खांद्यावरचा इन्व्हर्टर?

वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात डोकावा, कोपऱ्यात चाकांवरचं जुनं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन घुमत असतं. आत आहे काय? लोखंडी पट्ट्यांचा कोअर, त्यावर तारेची वाइंडिंग आणि करंट कमी-जास्त करायला एक हँडल. बिघडायला फारसं काही ठेवलेलंच नाही! केबलच्या टोकाचा लग सैल होऊन तापतो. तो घासून आवळला की काम सुरू. वाइंडिंग जळलीच तर रिवाइंड होते.

इन्व्हर्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं वेल्डिंग मशीन, पाच-सात किलोचा. घणसोलीत चौथ्या मजल्यावर ग्रिल बसवायला हाच न्यावा. घरच्या २३० व्होल्टवर चालतो, वीज कमी खातो, डीसी असल्याने मजबूत जोडासाठीचा ७०१८ रॉडही नीट चालतो. पण त्याचा पंखा ग्राइंडरची लोखंडी धूळ आत ओढतो. वर पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा. बोर्डावर थर साचतो आणि एक दिवस आयजीबीटी, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, उडतात. स्वस्तातल्या मशीनला मग नवा बोर्ड परवडत नाही.

दिवसभर गाळ्यातच काम असेल, तर मी जुनंच घेईन, तेही तांब्याच्या वाइंडिंगचं. विकणारा काहीही सांगो, कव्हर उघडून बघा. वाइंडिंगवरचं वार्निश तापून काळवंडलं असेल तर भाव पाडूनच घ्या.