परवान्याच्या चाचणीची तयारी करून घेणारा एक प्रशिक्षणवर्ग

वाहन चालवण्याचा परवाना देण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी उमेदवाराची दृष्टी, नियमांचे ज्ञान आणि प्रत्यक्ष चालवण्याचे कौशल्य तपासले जाते. मी ज्या वर्गात शिकलो, तेथे यांपैकी शेवटच्या भागाची तयारी मनापासून करून घेतली जाते. चढावर थांबलेली गाडी पुढे काढताना हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडायचा आणि इंजिनाचा आवाज जड होऊन बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटले की मगच हँडब्रेक खाली करायचा, हे प्रशिक्षकांनी इतक्या शांतपणे घोटून घेतले की शेजारी परीक्षक बसल्यावरही हातपाय गडबडले नाहीत. लेन बदलताना केवळ आरशावर न विसंबता मान वळवून पाहावे, आणि आपण पाहिले हे परीक्षकाच्याही लक्षात यावे, ही त्यांची सूचना तर लाखमोलाची.

लेखी परीक्षेची शिकवणी मात्र उरकून टाकल्यासारखी वाटली. चिन्हांचा तक्ता हाती देऊन तो पाठ करायला सांगितले जाते; पण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर साधारण चौपट का होते, हे कोणी समजावत नाही. नियमपुस्तिका स्वतःच वाचण्याची तयारी असेल, तर वर्ग जरूर लावावा. चाचणीला सरावाचीच गाडी मिळेल का, हे मात्र नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे, कारण क्लच नेमका कुठे पकडतो हे प्रत्येक गाडीत वेगळे असते.