फ्लॅट टॉप, गोल, तिरका की ड्युओ फायबर: बफिंग ब्रश कुठला घ्यायचा?

फाउंडेशन छोट्या वर्तुळांत फिरवून एकसारखं बसवायला, म्हणजे बफिंगला, एकच बरा ब्रश घ्यायचाय आणि दुकानदारानं चार प्रकार काढून समोर ठेवलेत, अशा वेळी ब्रश बघायच्या आधी आपली स्किन कशी आहे आणि आपण फाउंडेशन कुठलं वापरतो ते बघा, निम्मा निर्णय तिथंच होतो. आणि बारा ब्रशचे सेट घेऊ नका प्लीज, त्यातले बरेचसे पाऊचमध्ये तसेच पडून राहतात आणि रोज लागणारा फाउंडेशनचा ब्रशच नेमका त्यात विरळ केसांचा निघतो.

फ्लॅट टॉप म्हणजे वरून सपाट कापलेला, गच्च केसांचा. सिग्माचा एफ८० बघितला असेल, तोच आकार आता सगळे ब्रँड काढतात. याची सगळी टोकं एकदम चेहऱ्यावर टेकतात म्हणून कव्हरेज पटकन मिळतं, पिंपलचे डाग, पिगमेंटेशन, हनुवटीजवळचा काळसरपणा थोड्याशा प्रॉडक्टमध्ये झाकला जातो. लूज मिनरल पावडर फाउंडेशन असेल तर मला याच्यापुढे दुसरा ब्रश सुचतच नाही, झाकणात थोडी पावडर घ्यायची, ब्रश त्यात फिरवायचा, जास्तीची झटकायची आणि मग चेहऱ्यावर घोळवायची. पण स्किन ड्राय असेल तर हाच ब्रश छळतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हवा किती कोरडी होते माहितीये ना, नाकाच्या बाजूला आणि भुवयांच्या मध्ये बारीक पापुद्रे येतात, फ्लॅट टॉप गोल गोल फिरवला की ते उभे राहतात आणि फाउंडेशन त्यांना जाऊन चिकटतं, मग आरशात लांबून छान आणि खिडकीजवळ गेलं की सगळं दिसतंय. शिवाय सपाट असल्यामुळे नाकपुडीच्या खोबणीत तो नीट जात नाही.

गोल किंवा डोम टॉप, म्हणजे रिअल टेक्निक्सच्या एक्स्पर्ट फेस ब्रशसारखा, हा माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी सगळ्यात सेफ. मधले केस उंच, कडेचे बुटके, त्यामुळे हाताचा जोर थोडा जास्त पडला तरी चेहरा घासला जात नाही, नाकाजवळ आणि डोळ्यांखाली टोक बरोबर बसतं. कव्हरेज फ्लॅट टॉपपेक्षा जरा कमी येतं, पण दुसरा पातळ हात दिला की भागतं. रोज ऑफिसला जाणारीला, स्किन नॉर्मल ते ड्राय असलेलीला, लिक्विड फाउंडेशनवालीला हाच घ्या म्हणेन.

तिरका ब्रश जबड्याच्या कडेला आणि गालाच्या हाडाखाली मस्त फिरतो, क्रीम कंटूर करणारीनं (म्हणजे गडद क्रीम लावून गाल-जबड्याला उठाव देणारीनं) जरूर घ्यावा, पण एकुलता एक ब्रश म्हणून नको.

ड्युओ फायबर वेगळीच गोष्ट आहे. खाली काळे केस दाट आणि वर लांब पांढरे केस विरळ, मॅकचा १८७ हा यातला सगळ्यांना माहीत असलेला. हा घासायचा कमी आणि टेकवायचा जास्त. स्किन टिंट (फाउंडेशनपेक्षाही हलका, नुसता रंगाचा हात), पातळ फाउंडेशन, क्रीम ब्लश यांना फार सुंदर बसतो, मेकअप केलाय असं दिसायलाच नको म्हणणाऱ्यांनी हाच घ्यावा. जाड, फुल कव्हरेज फाउंडेशनला मात्र घेऊ नका, रेषा राहतात आणि तुम्ही त्या पुसत बसता. लग्नाला दिवसभर बेस टिकवायचा असेल तर फ्लॅट टॉप किंवा गोलच.

केस सिंथेटिकच घ्या, लिक्विड आणि क्रीमला बकरीच्या केसांचा ब्रश नको कारण ते केस प्रॉडक्ट पितात आणि धुणंही अवघड, पावडरला चालतात. पुण्यात तुळशीबागेत किंवा कॅम्पात हातात घेऊन बघायला मिळतो हा मोठा फायदा आहे, ऑनलाइन फोटोत दाटपणा कळत नाही. ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून गोल फिरवा, टोचला तर चेहऱ्यावरही टोचणारच. केस दोन बोटांत फाकवून मुळाशी बघा, मध्ये पोकळ दिसतंय का, आणि हलकेच ओढा, दोन-चार केस हातात आले तर परत ठेवा. दांडी आणि केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याचा जोड हलवून बघा, तो आत्ताच हलत असेल तर दोन धुण्यांत निघेल.

आता वापरताना. सनस्क्रीन लावून लगेच ब्रश फिरवला की मळासारख्या गुठळ्या निघतात, काही मिनिटं थांबा आणि तरी निघत असतील तर त्या दोन प्रॉडक्टचं जमत नाहीये, ब्रशला दोष देऊ नका. फाउंडेशन हाताच्या मागच्या बाजूला घ्या, ब्रशचं फक्त टोक बुडवा, गालाच्या मधून सुरू करून बाहेर जा, छोटी वर्तुळं, हात हलका. शेवटी ब्रश उभा धरून सगळीकडे नुसता टेकवत जा, तेवढ्यानं रेषा जातात. ताजे पिंपल असतील तिथं बफिंग नकोच, दाबून लावा. आणि स्कार्फ बांधून गाडीवर जाणाऱ्यांनो, थर पातळच ठेवा, जाड थर स्वारगेटपर्यंत स्कार्फला लागलेला असतो.

धुण्याचा विचारही घेतानाच करा. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवा असं सांगते. कोमट पाणी, सौम्य शाम्पू, केस खालच्या दिशेला, पत्र्याच्या आत पाणी जाऊ द्यायचं नाही कारण गोंद सुटतो, मग टॉवेलवर आडवा, केस टेबलाच्या कडेबाहेर. मे महिन्यात काही प्रश्न नाही, पण जुलैत पाऊस लागला की गच्च फ्लॅट टॉप आतून ओलाच राहतो आणि त्याला कुबट वास यायला लागतो. ड्युओ फायबर सगळ्यात लवकर वाळतो, गोल ब्रश या दोघांच्या मध्ये कुठेतरी. म्हणून पावसाळ्यातही रोज बेस लावणार असाल तर एका महाग फ्लॅट टॉपच्या पैशात साधे पण दाट असे दोन गोल घ्या, एक वाळतोय तोवर दुसरा हाताशी.