छोट्या होडीसाठी घेतलेले १०० न्यूटनचे लाइफ जॅकेट: दोन हंगामांनंतर

मालवणच्या किनाऱ्यावरून आम्ही दोघे भाऊ छोट्या होडीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जातो. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर सह्याद्रीवर ढग दाटतात आणि कधीकधी अर्ध्या तासात वादळी वारा समुद्रावर येतो, हे ठाऊक असूनही गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही त्यात सापडलो. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेवर धरण्याच्या धडपडीत धाकटा भाऊ पाण्यात पडला. परंतु या जॅकेटने त्याचे तोंड सतत पाण्याच्या वर ठेवले आणि मानेमागच्या पट्टीला धरून मला त्याला आत ओढता आले.

खरेदी करताना न्यूटनचा आकडा, म्हणजे जॅकेट पाण्यात किती जोराने वर उचलून धरते त्याचे माप, अवश्य पाहावा. ५० न्यूटनचे जॅकेट मदत जवळ असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी असते, बेशुद्ध माणसाला ते उताणे करीलच असे नाही. मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधला नाही, तर जॅकेट वर सरकते. शिटी उत्तम आहे, मात्र बक्कल खाऱ्या पाण्याने लवकर घट्ट होते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावे लागते. उकाडा होतो, तरीही आम्ही ते किनाऱ्यावरच चढवतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मी त्यावर पक्क्या शाईने लिहून ठेवला आहे.