गोल्ड रेटिंगचा फ्लॅट आणि सादळलेली पुडी

ठाण्यात घोडबंदर रोडला आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) गोल्ड रेटिंगच्या, म्हणजे पर्यावरणस्नेही ठरलेल्या इमारतीत राहतो. बिल्डरचं नाव लिहीत नाही. आधी चांगलं: मे महिन्यातही पश्चिमेची खोली तापत नाही. एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंती, दुहेरी काचा, पैसे वसूल. राहायला आलो तेव्हा रंगाचा वासही नव्हता.

पण मी तबला शिकवतो. जून लागला की पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सादळते, स्वर उतरतो आणि निम्मी शिकवणी तो चढवायला गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकण्यात जाते. कपाटातल्या चामड्याच्या बॅगेवर बुरशी, ती वेगळीच. फळीवरचा आर्द्रतामापक पावसात ८० टक्क्यांखाली येत नाही. एसी लावला तरी ७०च्या आसपास रेंगाळतो.

गंमत अशी की यात चांगल्या भिंतींचाही हात आहे. एसी हवेतलं पाणी काढतो ते गार कॉइलवर. इथे उष्णता आत येतच नाही, त्यामुळे खोली झटकन २४ अंशांवर येते, इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) कॉम्प्रेसर मंदावतो, कॉइल पुरेशी गार राहत नाही. खोली थंड होते, पण दमटपणा हलत नाही. बिल्डरने दिलेल्या गुणतक्त्यात वीज, पाणी, कचरा, उजेड सगळ्याला गुण आहेत. घरातल्या आर्द्रतेची ओळच नाही.

खिडक्यांचं काय? केंद्राच्या इको निवास संहिता २०१८ (घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली) प्रमाणे दमट-उष्ण हवामानात उघडता येणारा भाग कार्पेटच्या १६.६६ टक्के हवा, म्हणजे ६५० चौरस फुटांना सुमारे १०८. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी उघडून उघडून अर्धीच उघडते, हे मोजताना लक्षात ठेवा. अर्थात भर जुलैत खिडकी उघडून बाहेरची ओलच आत घ्यायची. वाऱ्याने अंगाला बरं वाटतं, तबल्याला नाही.

शेवटी शिकवणीच्या खोलीत डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून टाकीत साठवणारं यंत्र, आणला. दार लावून चालवला की आर्द्रता ५५ टक्क्यांपर्यंत उतरते, टाकी सकाळी भरलेली असते. खोली थोडी गरम होते आणि घरघर इतकी, की वर्ग सुरू झाल्यावर बंदच करावा लागतो. ग्रीन इमारतीत विजेचं हे जास्तीचं मीटर!

पाचपैकी साडेतीन. घर बघायला जाल तेव्हा बाथरूमचा एक्झॉस्ट थेट बाहेर जातो की डक्टमध्येच घुटमळतो ते विचारा, आणि कपडे वाळवायला वेगळी बाल्कनी आहे का तेही. आमच्याकडे ती नाही. पावसाळ्यात ओले कपडे हॉलमध्येच वाळतात, आणि त्यांचं पाणी घरच्याच हवेत राहतं.