जनरेटरमधली एरर: आत पकडायची की बाहेर?

जावास्क्रिप्टमध्ये जनरेटर, म्हणजे मध्ये थांबत एकेक मूल्य देणारी फंक्शन्स, २०१५ साली आले, तरी त्यातली एरर कुठे पकडायची यावर अजून गोंधळ होतो. बाहेर, म्हणजे कॉल करणाऱ्या कोडमध्ये ट्राय-कॅच (एरर पकडणारा कोड) लावणं सोपं वाटतं. पण जनरेटर फंक्शन नुसतं कॉल केलं की आतली एकही ओळ चालत नाही. एरर येते ती नेक्स्ट म्हटल्यावर, म्हणजे पुढचं मूल्य मागितल्यावर. म्हणून फक्त कॉलभोवती लावलेल्या ट्रायच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय एरर एकदा बाहेर पडली की जनरेटर संपला. १०० नोंदी वाचताना ७वी बिघडली, तर उरलेल्या ९३ गेल्याच.

जनरेटरमधल्या लूपच्या आत, यील्डभोवती (जिथे जनरेटर मूल्य देऊन थांबतो) ट्राय-कॅच असेल तर तीच ७वी नोंद वगळून काम ८वीवर जातं. बाहेरून थ्रो मेथडने पाठवलेली एररही थांबलेल्या यील्डपाशीच फुटते आणि तिथेच पकडता येते. त्याआधी एकदा नेक्स्ट झालेलं मात्र हवं.

माझा कल आतल्या कॅचकडे आहे, पण सावरता येतील अशाच चुकांसाठी. कनेक्शनच तुटलं असेल तर एरर बाहेर जाऊ द्या. आणि फाइल बंद करण्याचं काम ट्रायला जोडलेल्या फायनली या शेवटच्या भागातच ठेवा: फॉर-ऑफ लूपमधून ब्रेक केलं तर कॅच चालत नाही, फायनली चालतं.