एल्कची शिकार: ऑक्टोबरचा पहिला बर्फ धरावा की नोव्हेंबरची वाट पाहावी?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रायफलने एल्क मारायचा परवाना काढताना नवख्याची गाडी इथेच अडते. ऑक्टोबरच्या मध्यातला पहिला हंगाम घ्यायचा, की नोव्हेंबरमधला तिसरा? (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा दांडगा भाऊबंद, नर 300 किलोंच्या आसपास. युरोपात मात्र मूसला एल्क म्हणतात, त्यामुळे माहिती शोधताना गफलत होते.)

बहुतेकांचा हिशेब सोपा असतो: बर्फ पडला की कळप खाली येणार. फसगत होते ती इथेच. वीतभर बर्फाला एल्क जुमानत नाही. खुरांनी उकरून खालचं गवत खातो. साधारण दीड फूट थर साचला, किंवा बर्फ वितळून पुन्हा गोठला आणि वर टणक पापुद्रा धरला, की उकरणं महागात पडतं आणि कळप उताराला लागतो. त्यातही आधी माद्या आणि पाडसं. थोराड नर वरच्या अडचणीच्या रानात रेंगाळतात. शिवाय ऑक्टोबरचा बर्फ दक्षिणेकडच्या उतारांवर दोन-चार दिवसांत वितळूनही जातो.

मग त्या बर्फाचा उपयोग काय? माग. ताज्या बर्फात खुराची कड धारदार दिसते, जनावर बसलं होतं ती जागा वितळलेली सापडते, आणि भुसभुशीत बर्फावर तुमचं पाऊल वाजत नाही. वादळ ओसरल्यावरची पहिली सकाळ तंबूत घालवू नका, भुकेली जनावरं तेव्हा उघड्यावर चरायला येतात. दुसऱ्या दिवशी तोच बर्फ गोठून पायाखाली पापडासारखा मोडतो आणि सगळ्या रानाला तुमची वर्दी देतो.

पहिला हंगाम 5 दिवसांचा, फक्त एल्कचा, आणि परवाना सोडतीने. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच. गर्दी कमी, पण चढ तुमच्या नशिबी. तिसरा 9 दिवसांचा, नर एल्कचा परवाना बऱ्याच भागांत सोडतीशिवाय मिळत आलाय, आणि हरणांचे शिकारीही त्याच वेळी रानात असतात.

नोव्हेंबरची खरी गोम जमिनीत आहे. फ्लॅट टॉप्स या कोलोरॅडोतल्या डोंगराळ भागाचे कळप उन्हाळा 10 हजार फुटांवरच्या पठारावर काढतात आणि थंडीत मीकर गावाच्या बाजूच्या खोऱ्यांकडे सरकतात. तिथली बरीच जमीन खासगी रँचची, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांच्या मोठ्या मालकीच्या रानांची. बर्फाने कळप खाली आला खरा, पण कुंपणापलीकडे! मालकाची परवानगी नसेल तर दुर्बिणीतून बघत बसायचं.

म्हणून माझं मत: रँचवाल्याशी ओळख असेल तर तिसरा हंगाम, बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत टाकूनच. ओळख नसेल आणि पाय धडधाकट असतील तर पहिल्याची सोडत भरा, आणि बर्फ पडणारच नाही असं धरून उत्तरेकडच्या उतारांवरच्या दाट झाडीतल्या जागा आधी हेरून ठेवा. पडलाच, तर खाली उतरू नका. माग तिथूनच सुरू होईल.