समुपदेशकाशी निवांत बोलणं की रोजचं चेक-इन?
दांडी मारणाऱ्या पोरांसाठी शाळेत दोन गोष्टी करता येतात, एक म्हणजे समुपदेशकासोबत आठवड्यातून एकदा निवांत बसणं, दुसरं म्हणजे रोज सकाळी कुणीतरी ठरलेल्या माणसाने २ मिनिटं भेटून "काय रे, आज वेळेवर!" एवढंच म्हणणं. नुसता उशीर असेल तर मला दुसरंच बरं वाटतं, कारण मुलाला कळतं की आपली कुणीतरी वाट बघतंय, आणि खर्च तसा काहीच नाही.

पण मूल यायलाच घाबरत असेल तर चेक-इन पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कर्नी शाळा टाळण्याची ४ कारणं मांडतात: शाळेतली भीती-घुसमट, परीक्षा किंवा लोकांसमोर बोलणं टाळणं, घरच्यांचं लक्ष हवं असणं, आणि बाहेर जास्त मजा येणं. आता यातलं नेमकं कुठलं हे दारात उभं राहून कसं कळणार, त्याला निवांत बोलणंच लागतं, आणि पोरगं पहिल्या भेटीत तोंड उघडत नाही हेही धरूनच चाला.

बाकी किशोरवयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, तिथे दोन्ही उपाय अर्धेच, आधी मोबाईल आणि झोपेची वेळ बघा.